आठ सेंटिमीटर जास्त

९ जानेवारी

मामा,

तुझ्या पत्रात तीन प्रश्न होते. क्रमाने उत्तरं देते.

पहिला, मी फोन का करत नाही. औषधांनी तुझे कान गेल्यापासून फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू स्वतः रचतोस. मोबाईलवर लिहून पाठवलं तर मामी वाचते आणि तुला गाळून सांगते. पत्र सरळ तुझ्या हातात पडतं.

दुसरा, तपासणी. २८ जानेवारी, सकाळी नऊ वाजता. आदल्या रात्रीपासून पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. दंडात एक सुई देतील. त्यात साखरेसारखं औषध असतं आणि त्याला थोडा किरणोत्सर्ग चिकटवलेला असतो. ज्या पेशी भुकेल्या, तिथे ते जास्त जमतं; तुझ्या आजारातल्या गाठी फार भुकेल्या असतात. तासभर शांत पडून राहायचं, मग वीस मिनिटं यंत्रात. ऑक्टोबरमध्ये तुझ्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे जो ठिपका शंकेचा वाटला होता, तो आता आहे की गेला एवढंच बघायचं आहे. असेल तर औषधांची दुसरी, कडक फेरी. नसेल तर सुट्टी.

तिसरा, मी नक्की काय काम करते. आई लोकांना सांगते की मी दवाखान्यात कॅमेऱ्याचं बघते. ते अगदीच चूक नाही.

त्या औषधाचा एक एक कण फुटतो तेव्हा दोन किरण निघतात, एकाच क्षणी, बरोबर उलट दिशांना. भोवती स्फटिकांचं कडं असतं. किरण आदळला की स्फटिक लुकलुकतो आणि त्याच्या मागे बसवलेला नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा ते लुकलुकणं कधी झालं ते नोंदवतो. कड्याच्या दोन बाजूंना जवळजवळ एकाच वेळी नोंद झाली, तर मधे त्या रेषेवर कुठेतरी काहीतरी घडलं हे नक्की. जुनं यंत्र एवढ्यावरच थांबतं. आमचं नवं यंत्र कुठला किरण किती आधी पोचला तेही बघतं. जो आधी पोचला त्या बाजूला घटना जवळ. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो. आम्ही त्याच्या हजाराव्या भागात मोजतो, त्याला पिकोसेकंद म्हणतात. आमच्या मोजण्याची रुंदी, म्हणजे तोच वेळ पुन्हा पुन्हा मोजला तर आकडे किती पसरतात ते, दोनशे दहा पिकोसेकंद आहे. रेषेवर साधारण तीन सेंटिमीटर. हा आकडा दोनशे दहावर आणायला मला दोन वर्षं लागली.

नवं यंत्र अजून परीक्षेत आहे. म्हणून नियम असा की त्याच दिवशी दुपारी जुन्या यंत्रावरही तपासणी करायची. तुझं चित्र मी बघणार नाही. ते डॉक्टर वाचतात. आम्हाला क्रमांक दिसतो, नाव नाही.

स्वेटर आण, पण धातूची बटणं नकोत.

तुझी भाची


१५ जानेवारी

चिरंजीव दशांश,

पत्र दोनदा वाचलं. मामीलाही वाचून दाखवलं. "साखरेची सुई देतात तर उपाशी का ठेवतात" असं तिचं म्हणणं आहे. याचं उत्तर तिला थेट लिही, मी मधे पडणार नाही.

तीन सेंटिमीटर? अगं, मोजणी खात्यात मी एका बांधामागे तीन सेंटिमीटर सोडले असते तर दोन्ही शेजाऱ्यांनी मला त्याच बांधात पुरलं असतं. आणि तुला त्यासाठी पगार देतात. पण मग मी विचार केला की माझा बांध जागेवर उभा राहायचा. तुझी घटना घडते आणि संपते, तिला "जरा थांब, फीत धरतो" म्हणायची सोय नाही. तेव्हा तीन सेंटिमीटर माफ.

तुला आठवतं का, सुट्टीत तू माझ्याबरोबर यायचीस आणि साखळीचं लांबचं टोक धरून उभी राहायचीस. मी ओरडायचो, "किती?" बाकीची माणसं "बेचाळीस" म्हणायची. तू म्हणायचीस, "बेचाळीस पूर्णांक तीन." तेव्हापासून तू दशांश.

जुन्या यंत्रावरही तपासणी करतात हे आवडलं. आमचाही नियम तोच. इकडून मोजलं की तिकडून मोजायचं. दोन आकडे जुळले नाहीत तर कुणाला काही बोलायचं नाही, चहा प्यायचा आणि परत मोजायचं. दुसरा नियम असा होता की आपल्या नातलगाची हद्द आपण मोजायची नाही, दुसरा मोजणीदार बोलवायचा. तू माझी हद्द मोजणार, हे तुमच्या नियमात बसतं का?

स्वेटरला लाकडी बटणं आहेत. मामीने काल बदलली. ही बाई माझ्या मरणाला घाबरत नाही, धातूच्या बटणांना घाबरते.

मामा


६ फेब्रुवारी

मामा,

डॉक्टरांचा अहवाल तुला मिळाला असेल. वाक्य मी पाठ केलं आहे: "छातीत कुठेही असामान्य साठा दिसत नाही." त्याच्यावर मी काही जोडत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. मी तुला मोजत नाही, वेळ मोजते. त्यामुळे नियमात बसतं, असं मला वाटतं.

त्या दिवशी मी तुला भेटायला खोलीत आले नाही म्हणून मामी रागावली. कारण सांगते. तुला सुई दिल्यावर पंचवीस मिनिटांनी कड्याच्या एका पाव हिश्श्याच्या नोंदी बंद पडल्या. त्या बाजूच्या सगळ्या तुकड्यांना एका केबलमधून घड्याळाचा ठोका जातो, म्हणजे सगळ्यांनी वेळ कुठून मोजायची ती खूण. त्या केबलचं टोक सैल झालं होतं. औषधाचा जोर दर एकशे दहा मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे तू पलीकडच्या खोलीत पडला होतास आणि तुझ्यातलं औषध विझत होतं. ड्रॉवरमधली दुसरी केबल लावली. नोंदी परत आल्या. रुंदी तपासली. दोनशे आठ. आजवरची सगळ्यात चांगली. मग तुला आत घेतलं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही कारण सांगण्यासारखं काही नाही. पण दोनशे आठ हा आकडा तुझ्या तपासणीच्या दिवशी आला, हे तुला माहीत असावं.

दुसरी गोष्ट. त्या दुपारी जुनं यंत्र दुरुस्तीला गेलं आणि तुला ४ तारीख दिली होती. तू गेला नाहीस असं कळलं. नवी तारीख घ्यावीस.

तुझी भाची


१४ फेब्रुवारी

दशांशबाई,

दोनशे आठ. मी मोजणीवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. खाली तारीख घातली.

४ तारखेचं काय सांगू. पुन्हा उपाशी, पुन्हा सुई, पुन्हा त्या नळकांड्यात. कंटाळा आला. इथल्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तुझ्या यंत्राचं चित्र उजेडाला धरलं, म्हणाले, "इतकं स्पष्ट चित्र मी पाहिलेलं नाही, आता कशाला पाहिजे दुसरं?" मी म्हटलं, "माझ्या भाचीने काढलंय." ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला."

तर मी आता सुट्टीवर आहे. रोज चार किलोमीटर चालतो. कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, इतका सडपातळ झालोय. सोबत फोटो पाठवतो. मागची भिंत मी स्वतः रंगवली आहे, ती कौतुकाने बघ.

मामा

मामीकडून दोन ओळी: भिंत रंगाऱ्याने रंगवली. यांनी खुर्चीत बसून रंगाऱ्याला शिकवलं. आणि फोटोत दोन शर्ट आहेत, एकावर एक. का ते यांनाच विचार.


२१ फेब्रुवारी

मामा,

भिंत सरळ रंगवली आहे. रंगाऱ्याला सांग.

दोन शर्ट घालण्याइतकी थंडी तिकडे असेल असं वाटलं नव्हतं. पहाटे चालायला जात असशील तर टोपीही घाल.

पुढच्या महिन्यात मला एका परिषदेत आमच्या यंत्राबद्दल बोलायचं आहे. वर्षभराच्या नोंदी एकत्र करते आहे. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "दोनशे दहा हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा, लाजू नका." मी मध्यम अक्षरात लिहिला आहे.

जुन्या यंत्राची तारीख घेतलीस का?

तुझी भाची


९ मार्च

मामा,

इथे थंडी कमी झाली आहे. प्रयोगशाळेच्या खिडक्या पुसून घेतल्या. परिषदेचं काम चालू आहे.

तुझं वजन किती आहे? सहज विचारते आहे.

जुन्या यंत्राची तारीख घे. या आठवड्यात घे.

तुझी भाची


१३ मार्च

चि. दशांश,

खिडक्या पुसल्याची बातमी मिळाली. आनंद झाला. आता फरश्यांबद्दल सविस्तर लिही.

काय झालंय? तुझ्या पत्रात हवामान यायला लागलं की मला काळजी वाटते. तुझ्या बापाशी भांडण झालं होतं तेव्हा तू मला अख्खं पानभर धुक्याबद्दल लिहिलं होतंस. मामीचं मत, तू कुणाच्या तरी प्रेमात पडली आहेस आणि तो बरा नाही. माझं मत, तुझे दोनशे दहा बिघडले. दोनशे तीस झाले का? अगं, होऊ देत. वीस पिकोसेकंदांसाठी माणूस जेवण सोडत नाही. विभागप्रमुख बाई काही बोलल्या असतील तर एका कानाने ऐक, दुसऱ्याने सोड. माझा उसना घे, हवा तो, दोन्ही रिकामेच आहेत.

वजनकाट्याची बॅटरी गेली आहे. नवी आणली की कळवतो.

तारीख घेतो. तुझी भुणभुण मामीपेक्षा वाढली.

मामा


१९ मार्च

मामा,

हे पत्र बसून वाच. मामीला जवळ बसव. ते गाळून ऐकायचं नाही.

२८ जानेवारीला मी जी केबल बदलली ती आधीच्या केबलपेक्षा आठ सेंटिमीटर लांब होती. ठोक्याला केबलमधून आठ सेंटिमीटर जायला चारशे पिकोसेकंद लागतात. म्हणजे कड्याच्या त्या पाव हिश्श्याचं घड्याळ तेवढं मागे पडलं. ती बाजू ज्या ज्या रेषेच्या एका टोकाला होती, त्या प्रत्येक रेषेवर घटना सहा सेंटिमीटर चुकीच्या जागी मांडली गेली.

मी रुंदी तपासली होती. रुंदी बरोबर होती. केबल लांब झाल्याने आकडे पसरत नाहीत, सगळेच्या सगळे एका बाजूला सरकतात. पसारा तोच, मध्य हलतो. आमचा तपासणीचा प्रोग्राम आलेख दाखवताना मध्य आपोआप पडद्याच्या मधोमध आणून ठेवतो, म्हणजे रुंदी नीट वाचता यावी. तो प्रोग्राम मी लिहिला आहे. दोन वर्षं मला फक्त रुंदी हवी होती.

नवी केबल लावली की मध्य नव्याने जुळवायचा असतो. त्याला चाळीस मिनिटं लागतात. तू पलीकडे पडला होतास आणि माझ्याकडे वीस होती. मी ठरवलं की नंतर करेन. नंतर दोनशे आठ दिसले आणि मी विसरले. १० फेब्रुवारीला महिन्याची नेहमीची जुळवणी झाली, तेव्हा ती चूक कुणाच्या लक्षात न येता आपोआप भरून निघाली. मधल्या दिवसांत अकरा माणसांची तपासणी झाली. दहा जणांची जुन्या यंत्रावरही झाली होती. एकाची झाली नव्हती.

तुझा ठिपका असलाच, तर तो फिका होता आणि हृदयाजवळ होता. हृदय स्वतःच उजळ दिसतं. ठिपक्याचा निम्मा उजेड उचलून सहा सेंटिमीटर लांब, इकडेतिकडे टाकला गेला असेल, तर उरलेला निम्मा डॉक्टरांना दिसण्याइतका नसेल. असेल किंवा नसेल. अहवालातलं ते वाक्य आता काहीच सांगत नाही. ते लिहिलंच नव्हतं असं धरून चाल.

हे मला परिषदेसाठी नोंदी लावताना कळलं. मध्याचे आकडे तारखेप्रमाणे मांडले, तर २८ जानेवारीला एक पायरी दिसली. ते ३ मार्चला दिसलं. आज १९ आहे. या सोळा दिवसांत मी स्वतःला सांगत होते की कारण केबलच आहे का, ते तपासते आहे. केबल मोजायला पाच मिनिटं लागतात. ती मी ३ तारखेलाच मोजली होती.

तुला वजन विचारलं ते सहज नव्हतं.

आज सकाळी विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नोंदवही उघडली. मग म्हणाल्या, "केबलचं मी नोंदवहीत लिहिते. सोळा दिवसांचं तुम्ही लिहा." मी लिहिलं. दोन ओळी झाल्या. त्या दिवशीच्या मूळ नोंदी आमच्याकडे सुरक्षित आहेत. मध्य दुरुस्त करून चित्र पुन्हा तयार करता येतं. ते काम दुसरी सहकारी करते आहे. मी त्या खोलीतही नाही. दवाखान्यातून इथल्या डॉक्टरांचा तुला वेगळा निरोप येईल.

तू माझ्या पहिल्या पत्रानंतर विचारलं होतंस, हे नियमात बसतं का. बसत नव्हतं. रुग्ण दुसरा कुणी असता तर मी त्याला परत पाठवून चाळीस मिनिटं घेतली असती.

तुझी भाची


१९ मार्च

चि. दशांश,

बॅटरीचं खोटं होतं. वजनकाटा चालू आहे. जानेवारीपासून नऊ किलो कमी.

चार किलोमीटरही खोटं होतं. फाटकापर्यंत जातो, खांबाला हात लावतो, येतो. पट्ट्याला एक नाही, तीन भोकं पाडली. फोटोत दोन शर्ट घातले होते कारण एका शर्टात गळ्याची हाडं दिसत होती आणि तू फोटोवरसुद्धा फूटपट्टी लावतेस. तू थंडी समजलीस, मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची लाजही वाटली.

रात्री घाम येतो, आजार पहिल्यांदा कळला तेव्हा यायचा तसा. मामी चादरी बदलते. आज दुपारी तिने दोरीवरच्या चादरी मला मोजायला लावल्या. पाच होत्या. म्हणाली, "मोजणीदार ना तुम्ही? मग वहीत लिहा. आणि आज संध्याकाळपर्यंत तुम्ही तिला कळवलं नाहीत तर मी कळवते, आणि मला तुमच्यासारखं गोड लिहिता येत नाही."

आता खरी गोष्ट. ४ फेब्रुवारीला मी गेलो नाही ते कंटाळ्याने नाही. मी स्टँडपर्यंत गेलो होतो. तिथे बसून विचार केला की तुझं यंत्र "नाही" म्हणालं आहे. जुनं यंत्र "आहे" म्हणालं तर? मग एकाला खोटं ठरवावं लागणार. दोन वर्षं तू ज्यात घातलीस ते माझ्या छातीवरून खोटं ठरावं, हे मला नको होतं. आणि घाम तेव्हाच सुरू झाला होता. म्हणजे मला थोडंसं ठाऊक होतं. मी परत आलो आणि मामीला सांगितलं की गाडी चुकली.

छत्तीस वर्षं नोकरी केली, तिकडून मोजल्याशिवाय एक आकडा वहीत घातला नाही. हा एकच घातला, पहिल्या पानावर, तारखेसकट. कारण तो तुझा होता.

तुझं यंत्र चुकलं असेल असं मी म्हणत नाही. कदाचित हे दुसरंच काही असेल. पण तू तारीख घे म्हणालीस, ती मी घेतली आहे. २६ मार्च, जुनं यंत्र. या वेळी गाडी चुकणार नाही, मामी बरोबर येते आहे.

मामा


२४ मार्च

मामा,

तुझं पत्र काल मिळालं. माझंही पोचलं असेल.

दुरुस्त केलेलं चित्र डॉक्टरांनी वाचलं. ठिपका आहे. चौदा मिलिमीटर, ऑक्टोबरमधल्याच जागी. तो २८ जानेवारीलाही तिथेच होता. यंत्राने तो पाहिला होता. मी तो चुकीच्या जागी ठेवला.

मी डॉक्टरांना विचारलं की या दोन महिन्यांनी किती फरक पडला. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी विचारलं, अंदाजे. ते म्हणाले, "तुम्हाला दिलासा देणारा आकडा हवाय की शिक्षा करणारा? दोन्हीपैकी माझ्याकडे एकही नाही." तेव्हा उत्तर "सांगता येत नाही" असं आहे. मी ते कुठल्याही बाजूला ओढून तुला सांगणार नाही.

२६ ला मी येते आहे. मोजायला नाही, बाहेर बाकावर बसायला. मामीला सांग, या वेळी खोलीत येईन.

परिषदेत मी बोलले नाही. आकडा मागे घेतलेला नाही, तो बरोबर आहे. त्याच्या शेजारी मध्याचा आलेख जोडून सगळं पुन्हा लिहायचं आहे. तीन महिने मी रुग्णांच्या दिवशी यंत्राजवळ जायचं नाही, असं ठरलं आहे. मला ते योग्य वाटतं.

तू लिहिलंस की तू आकडा वहीत घातलास कारण तो माझा होता. ते वाक्य मी माझ्या वहीत उतरवलं आहे, तारखेसकट.

तुझी भाची


५ एप्रिल

चि. दशांश,

२६ ला जुन्या यंत्रानेही ठिपका दाखवला, आणि कडक फेरीची पहिली सुई परवा झाली. हात थरथरतो म्हणून अक्षर असं आहे. दारू प्यायलेल्या मुंगीचं म्हणते मामी.

तू बाकावर बसली होतीस तेव्हा बोललो नाही. कान नाहीत, आणि भोवती माणसं होती. म्हणून लिहितो.

तुझं पत्र आणि माझ्या पत्राचा कच्चा खर्डा समोर ठेवून बसलोय. दोन्हींवर १९ मार्च. तू तिकडे पेटीत टाकलंस, मी इकडे टाकलं. एकाच दिवशी निघाली, उलट दिशांना. तू जानेवारीत जे समजावलं होतंस ते मला त्या दिवशी नीट कळलं. मधे काहीतरी घडलं होतं हे नक्की. तुझं पत्र मला चार दिवसांनी मिळालं, माझं तुलाही चारच. तुझ्या हिशोबाने घटना बरोबर मधोमध. मला ते पटतं. निम्मी तुझी, निम्मी माझी. जास्त घ्यायला जाऊ नकोस, बांध सरकवल्यासारखं होईल.

सोळा दिवसांचा मला राग आला. दोन दिवस होता. तू माझ्यापासून काही लपवशील हे मला खपेना. मग माझे दिवस मोजले, ४ फेब्रुवारी ते १९ मार्च. त्रेचाळीस. त्यानंतर राग धरून ठेवणं जमेना.

एक मागतो. त्या दोन्ही केबली मला पाठव, सैल टोकाची जुनी आणि लांब निघालेली. फेकल्या नसतील तर. मला त्या मोजायच्या आहेत.

मामा


१७ ऑगस्ट

मामा,

काल तपासणी झाली. दोन्ही यंत्रांवर, एकाच दिवशी. नव्या यंत्राची जुळवणी सहकारिणीने केली. मध्य शून्यापासून नऊ पिकोसेकंद, म्हणजे दीड मिलिमीटरही नाही. रुंदी दोनशे बारा. दोन्ही आता एकाच पडद्यावर दिसतात. मध्य वर, मोठ्या अक्षरात.

तू आत गेलास तेव्हा मी मामीजवळ बसले होते. तिने स्वेटरची बटणं मला दोनदा मोजायला लावली.

डॉक्टरांनी अहवाल आज सकाळी दिला. मला नातलग म्हणून वाचून दाखवला, इतर नातलगांना दाखवतात तसा. ठिपका आहे. पाच मिलिमीटर. जुन्या यंत्रावर तो जेमतेम दिसतो, नव्यावर दिसतो. जागा दोन्हींची जुळते. औषध काम करतंय असं ते म्हणाले. आजार गेला असं म्हणाले नाहीत. अजून दोन फेऱ्या आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासणी.

दोन्ही केबली या पत्राबरोबर वेगळ्या पाकिटात आहेत. उशीर झाला, कारण चौकशी संपेपर्यंत त्या कपाटात बंद होत्या. त्यांवरच्या चिठ्ठ्या काढू नकोस.

वहीतल्या पहिल्या पानाबद्दल: तो आकडा खोडू नकोस. दोनशे आठ खरंच आले होते. त्याच्यापुढे "मध्य बघितला नाही" असं लिही. मी माझ्या वहीत तसंच लिहिलं आहे.

तुझी भाची


२९ ऑगस्ट

चि. दशांश,

केबली मिळाल्या. तुमच्या चिठ्ठ्या शाबूत आहेत.

जेवणाच्या टेबलावर पसरल्या. मी एक टोक धरलं, मामीने दुसरं. तिला सांगितलं, ताणायची नाही, नुसती सरळ धरायची. म्हणाली, "चाळीस वर्षं तुम्हाला तसंच धरलंय." इकडून मोजलं. मग टोकं बदलून तिकडून मोजलं. इकडून फरक आठ सेंटिमीटर एक मिलिमीटर. तिकडून आठ शून्य. जुळेना. मी काही बोललो नाही. चहा प्यायलो, परत मोजलं. दोन्हीकडून आठ शून्य. मघाशी माझाच हात हलला होता.

एवढासा फरक. माझ्या बोटाएवढा.

पहिल्या पानावर तू सांगितलंस तसं लिहिलं. त्याखाली माझ्यासाठीही एक ओळ घातली: "तिकडून मोजलं नाही." मग दोघांच्या ओळींखाली मामीने साक्षीदार म्हणून सही केली. आधी शाई आहे का ते तपासलं आणि नंतर पेनची टोपी हरवली.

नोव्हेंबरचं पान आजच आखून ठेवलं. दोन रकाने, इकडून आणि तिकडून. मध्य आणि रुंदीला वेगळ्या ओळी. आकडे येतील तसे येवोत, मी गोल करणार नाही.

खाली नेहमीसारख्या दोन जागा सोडल्या आहेत. "मोजणारा" याच्यापुढे रिकामं ठेवलंय, तिथे कुणी परका सही करेल. "टोक धरणारी" याच्यापुढे तुझं नाव लिहून टाकलं.

मामा